शरीराचे जागले : अंगभूत प्रतिकाराच्या शोधाची कथा

२०२० सालच्या महासाथीपासून 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा उपदेश आपल्या कानांवर इतक्या वेळा आदळला आहे की, जी वाढवायची ती शक्ती नेमकी कोणती, ती कोठे वसते आणि अमर्याद वाढल्यास काय होते, हे विचारण्याचे भान कोणालाच उरले नाही. काढे, चूर्णे, गोळ्या या साऱ्यांवर तेच एक वाक्य छापलेले असते. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नाही. आमची सारी उमेद राज्य सरकारच्या कचेऱ्यांत खर्ची पडली. तथापि निवृत्तीनंतर हाती आलेल्या वेळेत या विषयाचे जे वाचन घडले, त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. प्रतिकाराच्या शास्त्राचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास 'किती वाढवावे' या प्रश्नापासून निघून 'केव्हा पेटावे, कोणाच्या संमतीने पेटावे आणि केव्हा विझावे' या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो इतिहास सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा रीतीने मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. देवीची लस टोचली की देवी होत नाहीत, गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. ही झाली अर्जित प्रतिकारशक्ती. ती अनुभवाने येते आणि एकेका शत्रूला ओळखून लक्षात ठेवते. पण पायात काटा रुतला तर काही तासांतच ती जागा लाल होते, सुजते, गरम होते आणि ठणकू लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. या क्रियेला पूर्वानुभवाची गरज नसते. ती जन्मतःच आपल्यासोबत येते. तिला अंगभूत प्रतिकारशक्ती म्हणावे. खेड्यात रात्री गस्त घालणारा जागल्या जसा चोराचे नाव-गाव विचारीत न बसता आधी हाक देतो, तसे हिचे काम. आमच्या या लेखाचा विषय हा जागल्या आहे.

मेसिनाचा काटा

या कथेचा पहिला नायक इल्या मेच्निकोव्ह. १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खार्किवजवळ जन्मलेला हा प्राणिशास्त्रज्ञ १८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातील प्राध्यापकपदाचा राजीनामा देऊन सिसिली बेटावरील मेसिना या गावी सहकुटुंब राहावयास गेला. त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता तो एकटाच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाचे पारदर्शक डिंभक पाहत बसला होता. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे सरकणाऱ्या पेशी त्याला दिसत होत्या. या पेशी शरीरात घुसलेल्या परकीय वस्तूवर चालून जात असतील काय, असा विचार त्याच्या मनात चमकला. त्याने बागेतील गुलाबाचे काही काटे आणून डिंभकांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला. ही हकिकत पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्या काळी दाह म्हणजे एक आपत्ती, रोगाचाच एक भाग, अशी वैद्यांची समजूत होती. मेच्निकोव्हने तिला उलट वळण दिले. दाह ही शरीराची स्वसंरक्षणाची क्रिया असून पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून पचवितात, असे त्याने प्रतिपादन केले. १८८४ मध्ये त्याने पाणपिसवेच्या अंगात शिरलेल्या किण्वाचे बीजाणू तिच्या पेशी कशा गिळतात याचे वर्णन प्रसिद्ध केले. या पेशींना 'भक्षक पेशी' अशा अर्थाचे नाव मिळाले. १८८८ मध्ये पाश्चरने त्याला पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत जागा दिली आणि तेथेच १९१६ मध्ये अखेरपर्यंत त्याने काम केले.

आपल्याकडचा एक धागा येथे जुळतो. ओडेसा विद्यापीठात मेच्निकोव्हच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन हा तरुण १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्थेत आला आणि तेथील ग्रंथालयात साहाय्यकाचे काम पत्करून फावल्या वेळात संशोधन करू लागला. पटकीवरची लस घेऊन तो १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता त्याने तेथे प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्याचेच नाव मिरविते. त्या लसीत मारलेले प्लेगजंतू असत आणि ती टोचल्यावर ताप येई, हात सुजे. तो ताप का येतो याचे खरे उत्तर मात्र त्यानंतर शंभर वर्षांनी मिळावयाचे होते.

दोन पक्ष

मेच्निकोव्हच्या मताला जर्मनीतून कडवा विरोध झाला. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की, धनुर्वात व घटसर्प यांचे विष मारणारे द्रव्य रक्ताच्या पेशीविरहित रसातच असते. हीच पुढे प्रतिपिंडे म्हणून ओळखली गेली. मग भक्षक पेशींची गरज काय? त्या रणांगणावरील प्रेते उचलणाऱ्या असाव्यात, असा विरोधकांचा सूर होता. या पक्षाचा सर्वांत बुद्धिमान प्रवक्ता पॉल एर्लिख. पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराच्या खाचा असतात, त्यांत विष कुलपात किल्ली बसावी तसे बसते आणि अशा खाचा सुटून रक्तात आल्या की त्याच प्रतिपिंडे ठरतात, असा सिद्धांत त्याने १८९७ मध्ये मांडला. 'ग्राही' ही कल्पना शास्त्रात आली ती त्याच्याकडून.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह आणि एर्लिख यांना विभागून देऊन स्टॉकहोमने दोन्ही पक्षांचा मान राखला. दोहोंत समेट घडविण्याचा प्रयत्न लंडनच्या आल्मरॉथ राइटनेही केला. रक्तातील काही द्रव्ये जंतूंवर बसून त्यांना भक्षक पेशींसाठी रुचकर करतात, असे त्याने १९०३ मध्ये दाखविले. बर्नार्ड शॉच्या १९०६ च्या 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकातील नायक डॉक्टर याच राइटवरून बेतलेला आहे, हे साहित्यप्रेमी वाचकांना ठाऊक असेलच. पण व्यवहारात एर्लिखचा पक्ष जिंकला. प्रतिपिंडे मोजता येत होती, बाटलीत भरता येत होती, त्यांनी घटसर्पाची मुले वाचत होती. विसाव्या शतकाचा बराच काळ प्रतिकारशास्त्र म्हणजे अर्जित प्रतिकाराचे शास्त्र असेच समीकरण राहिले.

अडगळीतले प्रश्न

तथापि काही प्रश्न अडगळीत पडून राहिले होते. पहिला प्रश्न रिचर्ड फायफरचा. १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये त्याला आढळले की, पटकीचे जंतू उष्णतेने मारून टाकले तरी त्यांच्या देहात असे काही उरते, की जे टोचल्यावर गिनीपिग दगावतात. त्याने त्याला अंतर्विष म्हटले. पुढे हे द्रव्य म्हणजे अनेक जंतूंच्या बाह्यावरणातील मेद व शर्करा यांचे संयुग असल्याचे सिद्ध झाले. पण या मेद-शर्करेत स्वतःचे असे विष काही नाही. ते पेशीला भोसकत नाही की जाळत नाही. मग प्राणी मरतो कशाने?

दुसरा प्रश्न लशींचा. १९२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये गास्ताँ रामाँ याच्या ध्यानात आले की, घोड्यांना घटसर्पाचे निर्विष केलेले द्रव्य टोचताना त्यात टॅपिओका मिसळला तर प्रतिपिंडे अधिक तयार होतात. हा टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून बनतो तोच पदार्थ. १९२६ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर ग्लेनीने हेच काम तुरटीच्या क्षारांनी साधले. शुद्ध प्रथिन एकटेच टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. त्यात तुरटी किंवा मारलेले जंतू मिसळले की मात्र ते खडबडून जागे होते. साठ वर्षे जगभर या साहाय्यक द्रव्यांचा वापर झाला, पण ती का लागतात हे कोणी सांगू शकत नव्हते.

तिसरा प्रश्न अमेरिकन वैद्य पॉल बीसन याचा. १९४६-४७ मध्ये त्याने सशांना विषमज्वराची लस वारंवार टोचली, तेव्हा प्रत्येक वेळी ताप कमी कमी येत गेला. शरीर त्या अंतर्विषाला जणू सरावत होते. चौथा प्रश्न एका उंदराचा. सी३एच/एचईजे या वंशाच्या उंदरांना अंतर्विषाची भरपूर मात्रा दिली तरी काही होत नाही, हे १९६० च्या दशकात लक्षात आले. पण जिवंत जंतूंचा संसर्ग झाला, तर इतर उंदीर सहज झेलतील एवढ्याशा साल्मोनेलानेही हेच उंदीर मरत. जे विष त्यांना बाधत नव्हते, ते विष बाळगणारा जंतू त्यांचा घास घेत होता. या एका विरोधाभासात आमच्या विषयाचे सारे मर्म साठविलेले आहे. अंतर्विषाने येणारा ताप, सूज आणि मृत्यू ही शरीराने वाजविलेल्या धोक्याच्या घंटेची फळे होत. ज्याच्या घरी ती घंटाच नाही, त्याचा घंटेच्या गोंगाटाने जीव जात नाही, चोराच्या हातून जातो.

जेनवेचा तर्क आणि एका माशीची साक्ष

१९८९ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेच्या निमित्ताने येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे याने एक निबंध लिहिला. साहाय्यक द्रव्यांची गरज हे आपल्या शास्त्राचे लाजिरवाणे गुपित आहे, अशी कबुली देऊन त्याने पुढचा तर्क केला. शरीराला केवळ 'परके' ओळखून भागत नाही. परके तर अन्नही असते. ते परके जंतूचे आहे की नाही, हे कोणीतरी आधी सांगावे लागते. म्हणून जंतूंमध्ये सरसकट आढळणारे पण आपल्या शरीरात नसणारे आकृतिबंध ओळखणारे जन्मजात ग्राही असले पाहिजेत आणि त्यांनी हाक दिल्याखेरीज अर्जित प्रतिकार जागा होत नसला पाहिजे. हाती एकही ग्राही नसताना केलेला हा निव्वळ तर्क होता. मॉस्कोमध्ये शिकत असलेल्या, मूळच्या ताश्कंदच्या रुस्लान मेझितोव या विद्यार्थ्याच्या वाचनात तो निबंध आला. त्याने झपाटून जाऊन तो १९९४ मध्ये जेनवेच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

साक्ष मिळाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि सहकारी फळमाशीच्या गर्भाची घडण अभ्यासत होते. एका जनुकाला त्यांनी 'टोल' हे नाव दिले होते. जर्मन भाषेत हा आश्चर्याचा उद्गार आहे. हे जनुक माशीच्या गर्भाची पाठ आणि पोट ठरविते, एवढेच प्रथम माहीत होते. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी दाखविले की, टोल नादुरुस्त असलेली माशी बुरशीपुढे हतबल होते. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे केसाळ तंतू उगवलेले दाखविणारे ते छायाचित्र आता प्रसिद्ध आहे. १९९७ मध्ये मेझितोव व जेनवे यांनी टोलचे मानवी भावंड शोधले आणि ते जागे झाले की अर्जित प्रतिकाराला लागणारे संकेत सुटतात, हे दाखवून दिले. १९९८ मध्ये डॅलस येथे ब्रूस बॉयटलर आणि अलेक्झांडर पोल्टोराक यांनी त्या हट्टी उंदराचे कोडे सोडविले. एका प्रथिनातील ७१२ व्या स्थानी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आले होते, एवढाच दोष. आणि ते प्रथिन म्हणजे टोलचेच भावंड, ज्याला आज टीएलआर-४ म्हणतात. फायफरच्या अंतर्विषाचा ग्राही एकशे सहा वर्षांनी सापडला.

येथे इतिहासाची एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. मेच्निकोव्हच्या भक्षक पेशींना पुन्हा मानाचे स्थान मिळाले ते त्यांच्या अंगावरील ग्राहींमुळे, म्हणजे त्याच्या प्रतिपक्ष्याने, एर्लिखने, दिलेल्या कल्पनेमुळे.

एकट्याने कोणी काम करीत नाही

त्यानंतरच्या काही वर्षांत शोधांची रीघ लागली. जपानच्या शिझुओ अकिरा यांच्या गटाने एकेक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करून कोणता ग्राही काय ओळखतो याची यादीच सिद्ध केली. माणसात असे टोल-सदृश ग्राही दहा आहेत. त्यांपैकी काही पेशीच्या बाह्य आवरणावर उभे राहून जंतूंची कातडी चाचपतात. टीएलआर-५ जंतूच्या शेपटीचे प्रथिन ओळखतो. टीएलआर-३, ७, ८ आणि ९ पेशीच्या आतल्या कप्प्यांत बसून गिळलेल्या जंतू-विषाणूंचे आनुवंशिक द्रव्य तपासतात. टोलखेरीज अन्य घराणीही निघाली. पेशीद्रवात विषाणूचा आरएनए ओळखणारा रिग-१ हा ग्राही २००४ मध्ये आणि अस्थानी आलेला डीएनए ओळखणारा सी-गॅस २०१२ च्या अखेरीस उजेडात आला.

परंतु यादीपेक्षा महत्त्वाची ठरली ती या ग्राहींची परस्परांशी असलेली बांधीलकी. टीएलआर-४ एकटा अंतर्विष पकडू शकत नाही. रक्तातील एक प्रथिन ते वाहून आणते, सीडी-१४ नावाचा ग्राही ते हातात घेतो, एमडी-२ हे प्रथिन त्याला बसावयास जागा देते आणि मग टीएलआर-४ ची जोडी जुळून आत संदेश जातो. टीएलआर-२ हा टीएलआर-१ शी जोडी करतो तेव्हा एक प्रकारचे मेद-प्रथिन ओळखतो, टीएलआर-६ शी करतो तेव्हा दुसऱ्या प्रकारचे. बुरशीच्या भिंतीतील शर्करा ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राही टीएलआर-२ शी मिळून काम करतो आणि दोघांचा मिळून होणारा प्रतिसाद एकेकट्यापेक्षा जोरकस असतो, हे २००३ मध्ये दिसून आले. आतला कप्पा आणि बाहेरचे आवरण अशा दोन्हीकडून एकाच वेळी वर्दी आली, तर काही संकेतद्रव्ये अनेकपट अधिक सुटतात, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. यामागील हिशेब उघड आहे. एकाने हाक दिली तर भास असू शकतो, पण दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी दिली तर चोर खरोखरच आला असला पाहिजे.

सरकारी कोषागाराची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढील योजना विशेष पटेल. देयक तयार करणारा एक आणि ते तपासून मंजूर करणारा दुसरा, दोन सह्यांवाचून पैसा बाहेर पडत नाही. इंटरल्यूकिन-१ हे ताप आणणारे प्रखर संकेतद्रव्य शरीराने याच रीतीने कुलपात ठेवले आहे. टोल-ग्राहीच्या हाकेने त्याचे कच्चे रूप तयार होते. ते छाटून कार्यक्षम करणारी यंत्रणा मात्र दुसऱ्या घराण्यातील ग्राहींनी, पेशीच्या आत काही बिघाड झाल्याचे ताडल्यावरच उभी राहते. या यंत्रणेचा शोध २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग चॉप यांच्या गटाने लावला. तिला इन्फ्लमासोम म्हणतात. २००६ मध्ये याच गटाने दाखविले की, युरिक आम्लाचे स्फटिकही ही दुसरी सही करू शकतात. मध्यरात्री पायाचा अंगठा ज्याने सुजून ठणकतो, त्या गाऊटच्या वेदनेचे मूळ असे सापडले. तेथे जंतू एकही नसतो.

लगाम

घंटा वाजविण्याची व्यवस्था जितकी काटेकोर, तितकीच ती थांबविण्याची. बीसनच्या सशांचा ताप का उतरत गेला, याचे उत्तर येथे आहे. टोल-ग्राहीने दिलेला संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतच अडसर घालणारी प्रथिनेही आहेत आणि गंमत अशी की, त्यांतील कित्येक त्याच संदेशामुळे तयार होतात. आयरॅक-एम हे असे एक प्रथिन. त्याचे कार्य २००२ मध्ये कळले. ए-२० हे दुसरे. ते ज्यांच्यात नाही असे उंदीर अनेक अवयवांत भडकलेल्या दाहाने अल्पवयातच मरतात, हे २००० मध्ये दिसले होते. इंटरल्यूकिन-१० हे शामक द्रव्य नसलेल्या उंदरांची आतडी सुजतात, हे त्याही आधी १९९३ मध्ये कळले होते. २००७ मध्ये मेझितोव यांच्या गटाने या लगामाचे आणखी एक सूक्ष्म अंग दाखविले. अंतर्विषाला सरावलेल्या पेशीत सारीच जनुके गप्प होत नाहीत. ऊतींना इजा करणारी दाहक जनुके मिटतात, पण जंतूंना थेट मारणारी चालूच राहतात. आरडाओरडा बंद, पहारा चालू, असा हा प्रकार.

आणखी एका शोधाने तर जागल्याच्या कामाची व्याख्याच विस्तारली. आपल्या आतड्यांत अगणित निरुपद्रवी जंतू राहतात. टोल-ग्राही त्यांनाही ओळखतात. २००४ मध्ये असे आढळले की, या ओळखीतून मिळणारे मंद संकेत आतड्याच्या अस्तराची डागडुजी करीत असतात. ते संकेत तोडलेल्या उंदरांना आतड्याची इजा अधिक भोवते. तसेच नॉड-२ या जंतू-ग्राहीतील दोषांचा आतड्याच्या क्रोन या दीर्घ दाहाशी संबंध असल्याचे २००१ मध्येच उघड झाले होते. म्हणजे ओळख दुबळी झाली तरी दाह शमेलच असे नाही, उलट तो चिघळूही शकतो.

माणसाच्या देहावरचे पडताळे

उंदरांवरून माणसाकडे वळताना सावध राहिले पाहिजे. पण येथेही निसर्गाने काही दुःखद पडताळे दिले आहेत. आयरॅक-४ किंवा मायडी-८८ ही संदेशवाहक प्रथिने जन्मतः सदोष असलेली काही मुले २००३ व २००८ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात वर्णिली गेली. त्यांना न्यूमोकॉकससारख्या पू करणाऱ्या जंतूंचे जीवघेणे संसर्ग होतात आणि अनेकदा आजार गंभीर असूनही आरंभी ताप फारसा चढत नाही. मेसिनाच्या काट्याभोवती पेशींचा गराडा पडलाच नसता तर काय झाले असते, याचे उत्तर ही मुले आहेत. यांतील जी वाचतात, त्यांचा धोका वय वाढता कमी होत जातो.

दुसऱ्या बाजूने, घंटा बंद करून रोगी वाचविता येईल, ही आशाही पुरती फळली नाही. जंतुदोष रक्तात पसरून होणाऱ्या सेप्सिसवर टीएलआर-४ अडविणारे एरिटोरान नावाचे औषध सुमारे दोन हजार रुग्णांवर तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मृत्यू घटले नाहीत. रुग्णालयात पोहोचेपर्यंत हाकाटी सर्वत्र पसरलेली असते. पहिल्या जागल्याचे तोंड तेव्हा दाबून काय उपयोग? २०१७ मध्ये इंटरल्यूकिन-१ ला रोखणाऱ्या औषधाची दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचे झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. रक्तवाहिन्यांच्या रोगात दाहाचा हात असतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण त्याच चाचणीत जीवघेणे संसर्गही किंचित वाढले. लगाम खेचण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

कोविडच्या काळात हाच धडा आपल्या घरादारापर्यंत आला. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने स्टेरॉइड कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने व प्राणवायू लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी करते. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना त्याचा काही लाभ दिसला नाही. म्हणजे औषध तेच, माणसाचा देह तोच, फरक वेळेचा. ही अट आपल्याकडे सर्वत्र पाळली गेली नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरबसल्या, आजाराच्या पहिल्याच दिवसांत, नात्यातल्या कोणाच्या तरी चिठ्ठीवरून ही गोळी घेणारे थोडे नव्हते. त्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस ही काळी बुरशी हजारोंच्या डोळ्यांवर आणि जिवावर उठली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही तिची प्रमुख कारणे वैद्यांनी सांगितली. टोल नसलेल्या त्या माशीच्या अंगावर उगवलेली बुरशी आम्हाला तेव्हा आठवली. पहारा उठविला की बुरशी आत शिरते, हा नियम माशीला आणि माणसाला सारखाच लागू आहे.

त्याच काळातील याच ज्ञानाचे एक सुफळही सांगितले पाहिजे. आमच्या हैदराबादलगतच्या जीनोम व्हॅलीत तयार झालेली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूवर आधारलेली कोव्हॅक्सिन ही लस. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला तातडीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. हाफकिनच्या लसीप्रमाणे तीही मारलेल्या रोगकारकाची लस. पण तिच्यातील साहाय्यक द्रव्य केवळ ग्लेनीची तुरटी नव्हती. त्या तुरटीला टीएलआर-७ व टीएलआर-८ यांना हाक देणारा एक लहान रेणू जोडलेला होता. जेनवेने ज्याला लाजिरवाणे गुपित म्हटले, ते तीस-बत्तीस वर्षांत सूत्रबद्ध तंत्र बनून कोट्यवधी दंडांवर टोचले गेले.

श्रेयाचा प्रश्न

२०११ चे नोबेल पारितोषिक अंगभूत प्रतिकाराच्या शोधासाठी बॉयटलर व हॉफमन यांना आणि दोन्ही प्रतिकारांमधील दुवा असलेल्या पेशीच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना जाहीर झाले. स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी निवर्तले होते. जेनवे २००३ मध्येच गेले होते. मेझितोव यांचे नाव यादीत नव्हते. यादीत नाव नसलेल्यांपैकी लमेत्र यांनी माशीवरचे प्रयोग आपण केले असता श्रेय प्रयोगशाळेच्या प्रमुखाला गेले, अशी तक्रार जाहीरपणे मांडली. जेनवे व मेझितोव यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेबद्दल अनेक प्रतिकारशास्त्रज्ञांनी निषेधही नोंदविला. पारितोषिकाचा नियम तिघांपलीकडे जात नाही आणि मृतांना ते देत नाही. कचेरीत वर्षानुवर्षे टिपणी लिहिणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे आम्ही फार जवळून पाहिले आहे. त्यामुळे या वादाचा निवाडा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. इतकेच म्हणतो की, या शोधात तर्क येलचा, माशी स्ट्रासबुर्गची, उंदीर डॅलसचा आणि यादी जपानची होती. यांतील एकही वगळला असता तरी कोडे सुटण्यास आणखी कितीतरी वर्षे लागली असती.

आता आरंभीच्या उपदेशाकडे पाहू. अंगभूत प्रतिकार ही एखाद्या पिंपातील पाण्यासारखी राशी असती, तर ती वाढविण्यात अर्थ होता. ती ग्राहींची, संदेशांची आणि लगामांची व्यवस्था आहे. गाऊट, क्रोनचा आजार, सेप्सिस, कोविडमध्ये फुप्फुसांचा झालेला चिखल, या साऱ्यांत ती व्यवस्था दुबळी नव्हती, बेताल झाली होती. तेव्हा समतोल आहार, पुरेशी झोप, मधुमेहावर नियंत्रण आणि वेळच्या वेळी लस ही साधी पथ्ये सोडून कोणी 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' काही विकावयास आले, तर ते नेमके कोणता ग्राही जागा करते आणि त्याला झोपविते कोण, एवढे वाचकांनी अवश्य विचारावे. आणि कोणी चिठ्ठीवाचून दाह मारणारी गोळी पुढे केली, तर आपला पहारा कोणत्या घटकेला उठवला जात आहे, हेही आपल्या डॉक्टरांना विचारावे.